सदुसष्टावी ओळ

ब्राह्मणपुरीत कुणालाही विचारा, "केळीची खोडं किती लावलीत?" उत्तर येईल, "असतील पाच हजार." पाच हजार हा आमच्याकडे आकडा नाही, तो रुबाब आहे. तीन हजारवाला पाच हजार सांगतो, कारण त्याला मिरवायचं असतं. सात हजारवालाही पाच हजारच सांगतो, कारण त्याला नजर लागायची भीती असते. अख्ख्या गावात एकच माणूस असा, की त्याला विचारलं तर तो चष्मा वर सरकवून सांगेल, "चार हजार चारशे एकावन्न." आणि तुम्ही तोंडाकडे बघत राहिलात तर पुढं म्हणेल, "परवा बावन्न व्हतात. एक वारामां पडनं."

हा माणूस म्हणजे चुनीलाल आप्पा. गुजर समाजातले, वय एकाहत्तर, उंच आणि काटकुळे. वय विचारलं तर ते वर्षांच्या पुढं महिनेही सांगतात. घरापासून शेतापर्यंत किती पावलं, विहिरीला किती पायऱ्या, बैलाच्या गळ्यात किती घुंगरं, सगळं तोंडपाठ. बरं, हे मिरवायला नाही हो. विचारलं तरच सांगणार. पण विचारलं की मग सुटका नाही, जे आहे तेच ऐकावं लागतं.

या सवयीपायी त्यांनी कमी भोगलेलं नाही. मुलाच्या लग्नाच्या वेळी मध्यस्थानं मुलीकडं दहा एकर शेती सांगून ठेवली होती. पाहुणे आले, चहा झाला, "शेती किती म्हणायची?" असं सहज विचारलं, आणि आप्पा म्हणाले, "सात एकर बावीस गुंठा. त्यामांना दीड गुंठा विहीरमां गया." ते स्थळ गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्या मुलीचा बाप मात्र म्हणाला, हा माणूस विहिरीतला दीड गुंठासुद्धा लपवत नाही, इथंच मुलगी द्यायची. एकदा गावात कुणा पुढाऱ्याची सभा झाली. पेपरात छापून आलं, पाच हजारांचा जनसमुदाय. आप्पा पारावर सांगत सुटले, सहाशे बारा होते आणि त्यातली एकोणनव्वद पोरं. पुढाऱ्याच्या माणसांनी दोन महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि आप्पांना ते तिसऱ्या महिन्यात कळलं.

त्यांच्या बायकोचं, दगूबाईंचं, यावर कायम तोंड सुरू असतं. "यासले भूक लागनी का इचारं तं 'लागनी' म्हनतस नही भो, 'दोन भाकरीनी लागनी' म्हनतस. अन् तिसरी वाढी तं मन्हावर कातावतस." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक असतं ते मात्र त्यांना लपवता येत नाही.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण या गोष्टीतला दुसरा माणूस मी आहे आणि मला बाजूला राहता येणार नाही. मी हेमकांत. शहाद्याला कॉम्प्युटर शिकलो, पुण्यात तीन वर्षं नोकरी केली आणि परत आलो. गावाचं म्हणणं, परत आला म्हणजे काढून टाकलं असणार. गावाचं म्हणणं खरं आहे, पण म्हणून ते तोंडावर बोलायची काय गरज? मला राग लवकर येतो, आणि ऑफिसच्या खुर्चीत बसलो की माझी जीभ आपोआप पुस्तकी होते. घरी मी अहिराणी बोलतो, खुर्चीत मराठी. खुर्ची कसली, प्लॅस्टिकची; पण होती माझी.

ही खुर्ची केळी उत्पादक संघाची. आमच्या भागातल्या दोनशे बारा केळीवाल्यांचा हा संघ, नवनीतभाई त्याचे अध्यक्ष. मुंबईची एक कंपनी आमची केळी परदेशात पाठवते, पण तिला माल हवा तो नोंदवलेल्या बागेचाच. बाग कुणाची, क्षेत्र किती, झाडं किती, निसवण कधीची म्हणजे घड बाहेर पडायला कधी लागले, हे सगळं संघाच्या वेबसाइटवर भरायचं. भरलं की बागेला नंबर मिळतो. नंबर नसेल तर घड कितीही देखणा असो, कंटेनरमध्ये चढत नाही. मग वर्षभर पोराबाळासारखी सांभाळलेली बाग गल्लीतल्या हातगाडीवर जाते, पडेल त्या भावानं.

हा फॉर्म मी बनवला. पहिल्या वर्षी मी भोळा होतो. झाडांच्या संख्येचा रकाना उघडा सोडला, म्हटलं, माणसं शहाणी आहेत. माणसांनी काय काय भरलं! "पाच हजारच्या आसपास." "मागल्या साली होती तितकीच." एकानं लिहिलं, "देवाच्या कृपेने भरपूर." आणि एका महाभागानं त्या रकान्यात स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. कॉम्प्युटरनं निमूटपणे बेरीज केली, आणि संघाच्या अहवालात ब्राह्मणपुरीत नऊशे बेचाळीस कोटी झाडं उभी राहिली. कंपनीच्या माणसानं मुंबईहून फोन करून नवनीतभाईंना विचारलं, "मग माणसं कुठं राहतात?" नवनीतभाईंनी तो फोन स्पीकरवर लावला होता. समोर मी होतो.

दुसऱ्या वर्षी मी सगळ्यांचा सूड घेतला. रकान्यात आकड्याशिवाय काही उमटेनाच. अक्षर दाबलं तरी कोरं. मराठीत आकडा टाकला तरी चालायचं, फॉर्म मुकाट्यानं तो आपल्याला हवा तसा करून घ्यायचा. मधली रिकामी जागा गाळायचा, स्वल्पविराम आपल्या रीतीनं हजाराला, लाखाला बरोबर पाडायचा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मर्यादा घातली. केळी लागवडीच्या छापील पुस्तिकेत लिहिलेलं, दीड मीटरवर ओळ, ओळीत दीड मीटरवर झाड. एका हेक्टरचे दहा हजार चौरस मीटर, त्याला भागिले सव्वादोन. चार हजार चारशे चव्वेचाळीस. हेक्टरामागं याच्यावर एक जरी झाड सांगितलं की खाली लाल ओळ यायची: "झाडांची संख्या अवास्तव आहे. कृपया खरी माहिती भरा." यातलं "कृपया" नवनीतभाईंचं, "अवास्तव" माझं.

वार्षिक सभेत मला शाल आणि नारळ मिळाला. मी माइकवर सांगितलं, "या फॉर्ममधून आता खोटं जाऊच शकत नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आप्पा होते. या एका वाक्यावर त्यांच्याइतकं खूश अख्ख्या मंडपात कुणी नव्हतं.

आणि मार्चच्या बारा तारखेला तेच आप्पा ऑफिसच्या दारात उभे राहिले. नोंदणीची शेवटची तारीख पंधरा.

"हेमकांत," ते म्हणाले, "तुन्हा फॉर्म माले खोटा म्हनी ऱ्हायना."

मी स्क्रीन बघितली. क्षेत्र एक हेक्टर, झाडं चार हजार चारशे एकावन्न, खाली लाल ओळ. मी म्हणालो, "फॉर्म कुणाला खोटं म्हणत नाही आप्पा. तो फक्त आकडा तपासतो. तुमची मोजणी चुकली असेल."

"मन्ही मोजनी?" त्यांनी असं विचारलं की जणू मी त्यांच्या आईवर काही बोललो.

"एका हेक्टरात चार हजार चारशे चव्वेचाळीसच्या वर झाडं बसतच नाहीत. हा हिशोब आहे, माझं मत नाही."

आप्पांनी थोडा विचार केला. "बसतस नहीत?"

"नाही."

"पन त्या तं उभ्या शेतस ना भो!"

मागं बाकावर तिघं जण बसले होते, ते खो खो हसले. आप्पा विनोद करत नव्हते, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. पण हसू मला लागलं. मी ताडकन म्हणालो, "परत मोजा आणि या." आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्यांनी परत मोजली. आप्पांची मोजायची रीत अशी: उजव्या खिशात चिंचोके, एक ओळ संपली की एक चिंचोका डाव्या खिशात. मार्चचं ऊन, बागेत वारा नाही, पानं चेहऱ्यावर फडफडतात. तसं एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा दारात. "चार हजार चारशे एकावन्न. दोन बी खेपले." आणि नुसतं एवढंच नाही, सदुसष्ट ओळी, ओळीत सदुसष्ट, त्यातली सडलेली आणि पडलेली अडतीस वजा, असा पूर्ण पाढा त्यांनी म्हणून दाखवला. मी तो ऐकला का? नाही. ऐकला असता तर तिथंच सगळं कळलं असतं. मी फोन बघत होतो.

"मग सात कमी लिहा ना आप्पा," मी म्हणालो. "कोण मोजायला येतंय इथं?"

त्यांनी स्क्रीनच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, वरील सर्व माहिती सत्य आहे. "हाई कोनी लिखेल शे?"

"मी."

"मंग मी खोटं लिखीसन त्यान्हा खाले सही कशी करू?"

आता खरं सांगायचं तर फॉर्ममधला तो आकडा बदलायला दोन मिनिटं पुरे होती. एक ओळ उघडायची, चव्वेचाळीसच्या जागी दुसरं काही लिहायचं, झालं. पण शाल घेतलेली, माइकवर बोललेलं, मागं बाकावर पुन्हा माणसं, आणि हा म्हातारा नम्रपणे मला चुकीचा ठरवतोय. माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम. तुमच्या एकट्यासाठी बदलला तर उद्या दोनशे बारा जण दारात उभे राहतील."

"मंग माले सांग, मी काय करू?"

"एक तर आकडा बदला," मी म्हणालो, "नाहीतर बाग बदला."

आप्पांनी मान डोलावली आणि गेले. मला वाटलं, फार छान बोललो आपण. बाकावरच्यांनाही वाटलं.

चौदा तारखेला दुपारी दगूबाईंचा फोन आला. "भो, हाऊ मानूस कालदिन फाईन नीट जेवना नही. म्हनस, एकाहत्तर वरीसमां माले कोनी 'खरी माहिती द्या' आसं लिखीसन दिधं नही. तू एकदाव येईसन मोज ना. तुन्हं तं ऐकतीन." त्या रडत नव्हत्या, पण त्यांच्या आवाजातली नेहमीची मस्करी गेली होती, आणि ते मला जास्त लागलं. मी गाडी काढली. मदत करायला निघालो होतो असं मी आज म्हणालो तर ते खोटं होईल. मी त्यांना चुकीचं ठरवायला निघालो होतो.

आप्पांचा तो तुकडा म्हणजे तापीकाठचं नशीब. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद, अगदी चौकोनी. बाग निसवलेली, प्रत्येक खोडाला घड लोंबतोय, घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या. मी पहिल्या ओळीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि मोजत निघालो. सदुसष्ट. म्हटलं, घाई झाली. परत मोजली. सदुसष्ट.

मी बांधावर बसलो आणि मोबाइलवर भागाकार केला. शंभर भागिले दीड, सहासष्ट आणि वर थोडं. बरोबर तर आहे की! आणि मग ते थोडं थोडं डोक्यात उतरलं. पहिलं झाड दीड मीटरवर नसतं. ते ओळीच्या तोंडाशीच असतं, शून्यावर. मग पुढची सहासष्ट. मी झाडं मोजलीच नव्हती, झाडांमधली अंतरं मोजली होती. कुंपणाला दहा गाळे असले तर खांब अकरा लागतात हे माझ्या बापानं मला सातव्या वर्षी शिकवलेलं, दोरीचं टोक हातात देऊन. पुस्तिका छापणाऱ्यानं नुसता भागाकार दिला, त्याला शेत नव्हतं. मला होतं. अख्ख्या पुणे शहरात ही चूक कुणी केली असती तर मी त्याला हसलो असतो.

"किती भरनं?" आप्पांनी विचारलं. ते माझ्यामागं उभे होते.

"सदुसष्ट."

"मंग?"

मी मोबाइलवर वेळ बघितली, उगाच. साडेचार वाजले होते. माझ्या डोळ्यांसमोर नवनीतभाई आले, ती शाल आली, बाकावरचे तिघं आले. गाव महिनाभर मला "अवास्तव" म्हणून हाक मारणार हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि मी म्हणालो, "सर्व्हरचं काहीतरी दिसतंय आप्पा. उद्या बघतो."

बिचारा सर्व्हर! आमच्या जिल्ह्यात त्याच्यावर जेवढी पापं घातली जातात तेवढी कुणावर नसतील. माझा बेत सोपा होता: सकाळी ऑफिसात जायचं, गुपचूप आकडा बदलायचा, आप्पांना फोन करायचा की सर्व्हर सुरू झाला. चूकही दुरुस्त, इज्जतही शाबूत. आप्पांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि "बरं" म्हणाले.

पंधरा तारखेला नऊ वाजता मी तो आकडा बदलला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आप्पांना फोन लावायला घेतला तर दगूबाईंनी उचलला आणि म्हणाल्या, "त्या तं तुन्हाकडेच निंघनात." त्यांनी एवढंच बोलून फोन ठेवला. मला वाटलं, बरंच झालं.

दहा वाजता आप्पा आले. खांद्यावर अर्धी भरलेली गोणी, आणि पांढऱ्या सदऱ्यावर छातीपासून खालपर्यंत काळपट डाग. केळीच्या चिकाचे डाग. ते धुऊन जात नाहीत, हे आमच्याकडं पोरालाही ठाऊक असतं. म्हणून बागेत कुणी धुतलेला सदरा घालून खोड तोडत नाही. तोडायचं ठरवून गेलेला माणूस जुना सदरा घालून जातो. आप्पांनी बहुतेक ठरवलं तेव्हा ते बागेतच होते.

"आते टाक," ते खुर्चीवर बसत म्हणाले. "चार हजार चारशे चव्वेचाळीस."

मी विचारलं, "आप्पा, सात झाडं तोडलीत?"

"तूच सांगं ना. आकडा बदलाले मी तयार नव्हतू. सर्व्हरना भरोसा नही, अन् आज शेवटली तारीख. मंग बाग बदली."

"घड लागलेली?"

"बठासले घड लागेल शेतस. बिनघडनं कोठून आनू?" मग म्हणाले, "शेवटली ओळमांनाच तोडात. तुन्हा हिसोबमां शेवटलंच बसत नही ना."

आता माझ्यासमोर जो फॉर्म उघडा होता तो त्या वेळी चार हजार चारशे एकावन्न अगदी आनंदानं घेणार होता. एक तासापासून घेणार होता. मी आकडा टाकला, आप्पांनी सांगितलेला. हिरवी खूण आली. "अभिनंदन! आपली माहिती ग्राह्य धरण्यात आली आहे." आप्पांनी चष्मा वर सरकवला आणि एकेक अक्षर लावून ते वाचलं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला. निकाल लागलेल्या पोरासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आते बरोबर?"

तिथं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बरोबर."

ते उठले आणि गोणी माझ्या पायाशी ठेवली. आत कोवळी, बोटभर कच्ची केळी. "मायले म्हना भाजी कर. फेकाले जीव होत नही." आईनं ती भाजी केली. मी पोट बिघडलंय म्हणून ताटावर बसलो नाही.

मे महिन्यात आप्पांची बाग कापली. कंपनीचा माणूस घड बघून म्हणाला, असा माल तालुक्यात नाही. नंबर होता, सगळे घड कंटेनरमध्ये चढले. मी मनाची समजूत घातली. सात झाडं म्हणजे किती? मी टक्केवारीही काढली, शून्य पूर्णांक सोळा. आमच्या धंद्यातल्या माणसाला टक्केवारी काढली की बरं वाटतं. मला आठवडाभर वाटलं.

मग जून आला. संघातर्फे टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, केळीची रोपं मागवायची असतात, त्याचाही फॉर्म माझाच. सकाळी मी मागण्या तपासत होतो आणि एका नावापुढं थांबलो. चुनीलाल आप्पा, क्षेत्र एक हेक्टर, रोपं चार हजार तीनशे छप्पन्न. फॉर्मची काही हरकत नव्हती. आकडा स्वच्छ, स्वल्पविराम जागच्या जागी, मर्यादेच्या आत, हिरवी खूण. मी कॅल्क्युलेटर घेतला नाही, गरज नव्हती. सहासष्ट ओळी, ओळीत सहासष्ट: शेवटची ओळही गेली आणि प्रत्येक ओळीतलं शेवटचं झाडही.

खाली आणखी दोघांनी तसंच केलं होतं. एकाला फोन केला तर तो म्हणाला, "आप्पा आवंदा शेवटली ओळ लावी नही ऱ्हायनात. आप्पासारखा मानूस सोडस म्हंजे काहीतरी कारन आसंनच ना भो." नवनीतभाई माझ्यामागून स्क्रीनवर वाकले आणि समाधानानं म्हणाले, "बघ, किती अचूक आकडे यायला लागले! सिस्टिम अंगवळणी पडली लोकांच्या." मी "हो" म्हणालो. मला स्वतःची किळस आली. माझ्या चुकीला आता जमीन जागा करून देत होती, आणि मला त्याबद्दल शाबासकी मिळत होती.

रोपं पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांच्या शेतात गेलो. दोरी ताणलेली होती, दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या. दगूबाई खड्ड्यांत रोपं ठेवत होत्या आणि आप्पा माती दाबत होते. पूर्वेच्या बांधाला लागून एक पट्टा रिकामा, नांगरलेला, काळाभोर. तापीकाठची जमीन अशी मोकळी पडलेली बघायची आमच्या डोळ्यांना सवय नाही.

आप्पा मला बघून खूश झाले. "ये रे भो, ये. देख, आवंदा तुले काहीच तरास नही. मोजीसन लावी ऱ्हायनू, तुन्हा फॉर्ममां बसी तसंच."

मी येताना बोलायचं सगळं ठरवून आलो होतो, चांगल्या मराठीत. ते एकही वाक्य तोंडात आलं नाही.

"आप्पा, शेवटली ओळ लावा," मी म्हणालो. "चूक मन्ही व्हती. तुमनी मोजनी बरोबर व्हती. फॉर्म चुकेल व्हता, अन् फॉर्म मीच बनाडेल शे."

दगूबाईंचा हात खड्ड्यातच राहिला. आप्पा सावकाश सरळ झाले. गुडघ्यांवरची माती झटकली. ते आता ओरडतील, सात झाडांचा हिशोब मागतील, निदान कातावतील तरी, असं मला वाटलं. मला ते हवं होतं. चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि हलका होऊन घरी गेलो असतो.

ते चिडले नाहीत. कुणाला वेळ विचारावी तशा आवाजात त्यांनी विचारलं, "कवय समजनं तुले?"

"आता, परवा," असं म्हणता आलं असतं. अगदी ओठांवर होतं. पण समोर आप्पा होते.

"तुमी झाडं तोडात त्यान्हा आदला दिन," मी म्हणालो. "साडेचार वाजता. आठेच, पहिली ओळमां."

आप्पांचे ओठ हलले. ते मोजत होते. मी मान खाली घातली.

"मी साडेसहाले पहिलं झाड तोडं," ते म्हणाले. मग दगूबाईंकडे वळून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजे चौदा तास."

त्यांनी खुंटी उपटली आणि ते रिकाम्या पट्ट्याकडे चालू लागले.